जोडीची गोळी

माझी मुलगी रांगायला लागली, चालायला लागली, पडवीच्या पायरीवरून उड्या मारायला लागली, तरी मी तिला एकटीने कधी कडेवर घेतलं नव्हतं. मी तिची सख्खी आई. त्याच घरात राहणारी, दिवसभर तिच्या डोळ्यांसमोर असणारी. अंगावर पाजायचे तेव्हासुद्धा सासूबाई माझ्या शेजारी मांडी घालून बसायच्या आणि पोरीच्या पाठीखाली आपला हात धरून ठेवायच्या. पोर पिऊन झाली की अलगद काढून घ्यायच्या. मला रोज रडू यायचं. रडून झालं की राग यायचा. माझा राग वाईट आहे, आजही आहे.

"आत्या, माजे हात काय लाकडाचे हायेत?" मी विचारायचे. सासूबाईंना आमच्यात आत्याच म्हणतात.

"लाकडाचे असते तर बरं झालं असतं," त्या म्हणायच्या. "लाकूड आपनहून सुटत नाय."

माझे हात खरंच सुटायचे. मला आकडी यायची.

पहिली आकडी लहानपणी तापात आली. माझं माहेर खालापूर तालुक्यातलं, पाताळगंगेच्या काठचं. त्यानंतर एक-दोनदा आली आणि मग गेली ती गेलीच, असं सगळ्यांनी धरून चाललं. लग्न ठरलं तेव्हा माहेरच्यांनी सांगितलं नाही आणि सासरच्यांनी विचारलं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची! भिवपुरीच्या बाजूच्या गावात मला दिली. सासरे नव्हते. घरात सासूबाई, आमचे हे आणि मी. ह्यांची नोकरी साजगावच्या कारखान्यात, पाळीची. भातशेती सासूबाईच बघायच्या, गडीमाणसं लावून. सुरुवातीला सगळं सुरळीत चाललं. बाळंतपण झालं आणि ती मूठ उघडली.

पोर अजून मान धरत नव्हती. मी तिला घेऊन पडवीत उभी होते. पुढचं मला आठवत नाही. कधीच आठवत नाही, मधला तुकडाच कुणीतरी कापून नेल्यासारखं होतं. शुद्धीवर आले तेव्हा मी जमिनीवर, तोंडात रक्त, आणि पोर सासूबाईंच्या खांद्यावर किंचाळत होती. ती पायरीखालच्या पेंढ्यावर पडली होती. साधं खरचटलंही नव्हतं. पेंढा त्या दिवशी तिथे नसता तर काय झालं असतं, हा विचार मी आजही पुरता करत नाही.

संध्याकाळी भावकी जमली. हिला माहेरी धाडा, पोराचं दुसरं लगीन करा, अशी बोलणी सुरू झाली. हे मान खाली घालून बसलेले. मी दाराआडून ऐकत होते. तेवढ्यात सासूबाई कडाडल्या, "सून माजी हाय, भावकीची नाय. तुमी आपापल्या चुली बघा." माणसं पाय आपटत निघून गेली. मग त्या आत आल्या, माझ्या मांडीवरची पोर उचलली आणि म्हणाल्या, "आता हिला मी बघन. तू बस निवांत." एकाच दिवशी बाईने मला घरात ठेवलं आणि माझं मूल काढून घेतलं. पाया पडावं की भांडावं, तेच मला कळेना.

त्या दिवसापासून विहीर बंद, चूल बंद, ओढ्यावरचं धुणं बंद. तांदूळ निवडायचे, अंगण झाडायचं आणि बसायचं. गावात प्रत्येकाकडे औषध होतं. कांदा हुंगवून झाला, चप्पल हुंगवून झाली, भगताने राख दिली ती लावून झाली. शेवटी ह्यांनी हिंमत केली आणि मला कर्जतच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी दोन प्रकारच्या गोळ्या दिल्या. एकीने दिवसभर झोप यायची, घास तोंडात ठेवून मी पेंगायचे. दुसरीने हिरड्या सुजून दातांवर चढल्या, हसायची चोरी झाली. आणि एवढं करून आकडी येतच होती. डॉक्टरांनी गोळ्या वाढवल्या, कमी केल्या, वेळा बदलल्या. मग एक दिवस सरळ म्हणाले, "माझ्याकडचं संपलं, बाई. मुंबईच्या मोठ्या सरकारी दवाखान्यात एक नवीन गोळी तपासून बघतायत. जुन्या गोळ्यांनी ज्यांचं भागत नाही अशांसाठी. बघा जाता का."

"जाते," मी म्हणाले. ह्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

आमच्या जिल्ह्याचं कुलाबा हे नाव जाऊन रायगड झालं, त्या सुमाराची ही गोष्ट. मुंबईच्या दवाखान्यात आम्हाला एक तरुण डॉक्टरीणबाई भेटल्या. आमच्यासारख्यांना कळेल अशा भाषेत बोलायच्या, हे मला पहिल्या दिवशीच आवडलं. त्या म्हणाल्या, "जुन्या गोळ्या सोडायच्या नाहीत. ही गोळी त्यांच्या जोडीला घ्यायची. तुम्हाला दोन डबे मिळतील, एकामागून एक, प्रत्येक डबा काही महिने. एका डब्यात खरं औषध असेल, दुसऱ्यात नुसती पोकळ गोळी, पीठ म्हणा. दिसायला दोन्ही सारख्याच. कुठला डबा आधी, ते तुम्हाला माहीत नाही आणि मलाही नाही. मोठ्या डॉक्टरांकडे ते पाकिटात बंद आहे. शेवटी बघायचं, कुठल्या डब्याच्या वेळी फीट कमी आल्या. खऱ्या औषधाने कमी आल्या असतील तर ते तुम्हाला पुढे चालू ठेवू."

सासूबाई पोरीला घेऊन बसल्या होत्या. त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या. "म्हंजे तुमालाच ठावं नाय?"

"नाही, आजी."

"मंग तुमी कसल्या डाक्टर वो?"

हे उगाच खोकले. डॉक्टरीणबाई मात्र हसल्या. म्हणाल्या, "मला माहीत असलं तर मी हिला बघूनच म्हणेन, वा, आज चेहरा किती ताजा दिसतोय! म्हणून मलाही सांगत नाहीत."

"आनि पीठ कशाला चारता मानसाला? देवाला कुनी फुटका नारळ वाहतं का?"

"पीठ खाऊनही काही जणांना बरं वाटतं, आजी. मग औषधाने बरं वाटलं की विश्वासाने, हे कळायचं कसं?"

सासूबाईंना नाही, पण मला हे लगेच पटलं. शितावरून भाताची परीक्षा करायची तर शीत त्याच भांड्यातलं पाहिजे. मी म्हणाले, मला घ्या.

दोन अटी होत्या. पहिली, या काळात दिवस राहता कामा नयेत. नव्या औषधाने पोटातल्या बाळाला काय होईल ते सांगता येत नव्हतं. हे ऐकून ह्यांचे कान लाल झाले. दुसरी, फीट आली की जिने पाहिली तिने येऊन सांगायचं, कारण जिला येते तिला कळत नाही. घरी कॅलेंडरवर खूण करा आणि दर महिन्याला या, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं. आमच्याकडे पाहणाऱ्या म्हणजे सासूबाईच. हे पाळीवर असायचे, त्या कायम घरात.

पहिली अट सासूबाईंनी चुटकीसरशी निभावून नेली. भावकी मुलाची वाट बघत होती; बायका विचारायच्या, अजून काय नाय का? सासूबाईंनी ठोकून दिलं, सुनेनं देवीचं व्रत धरलंय. व्रत म्हटल्यावर कोण बोलणार? सगळ्यांची तोंडं बंद. खोटं बोलण्यात बाई एकदम पटाईत, चेहऱ्यावर रेघ हलायची नाही. तेव्हा मला त्याचं मोठं कौतुक वाटलं.

दुसरी अट मात्र घरी आल्या आल्या मोडली. कॅलेंडरवर लक्ष्मीचं चित्र होतं. "देवीच्या पायाखाली त्या मेलीच्या खुना करू? हात झडतील माजे." आकडीला त्या कधी नावाने हाक मारत नसत. 'ती', 'मेली', 'तसलं', असंच बोलायच्या. "मी ध्यानात ठेवते," म्हणाल्या, आणि विषय संपला.

पहिला डबा सुरू झाला. जोडीची गोळी, असं घरात तिचं नाव पडलं. मी ती इतक्या भक्तिभावाने घ्यायचे की काय सांगू! पण अंगाला आपलं अंग ओळखता येतं. एखाद्या दिवशी जाग यायची तेव्हा अंग ठणकत असायचं, जीभ सुजलेली, लुगडं ओलं. मी विचारायचे, "आत्या, आली व्हती का?"

"नाय गं. झोपली व्हतीस."

"मग जीभ कशानं चावली?"

"झोपेत चावतात मानसं."

सुरुवातीला मी विश्वास ठेवला, कारण मला ठेवायचाच होता. महिन्याने दवाखान्यात गेलो. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "काय आजी, किती आल्या?" सासूबाई म्हणाल्या, "येकबी नाय. देवाच्या दयेनं बरं हाय." डॉक्टरीणबाईंचा चेहरा खुलला. पुढच्या महिन्यातही तेच, येकबी नाय. त्या खेपेला माझं कोपर सोलवटलेलं होतं. त्यांनी ते बघितलं आणि विचारलं, हे काय? "धुन्याच्या धोंड्यावर घासलं तिनं," सासूबाई म्हणाल्या. चेहऱ्यावर रेघ हलली नाही. धोंड्याजवळ तर मला कुणी जाऊ देत नव्हतं. चारचौघांत सासूला खोटं पाडायची आमच्यात रीत नव्हती, म्हणून मी गप्प बसले.

भिवपुरीला उतरलो आणि बांधावरून घराकडे चालायला लागलो. हे स्टेशनवरूनच साजगावला कामावर गेले होते. आजूबाजूला कुणी नाही असं बघून मी वाटेत उभी राहिले.

"आत्या, खरं सांगा. किती आल्या?"

"नाय आल्या म्हनलं ना."

"पोरीच्या डोक्यावर हात ठेवून सांगा."

पोर त्यांच्या कडेवर होती, डोक्यावर हात ठेवायला वेळ लागला नसता. त्यांनी ठेवला नाही. त्या बांधावरच खाली बसल्या.

"आल्या," म्हणाल्या. "लय येळा आल्या."

"अवो, मग तिथं खोटं कशाला सांगितलंत? ताकाला जाऊन भांडं लपवायचं?"

"वरडू नको. आमच्यात सांगत नाय गं." त्या पोरीच्या झग्याची शिवण उगाच ओढत राहिल्या. "जो पडला त्याला सांगायचं नाय, दुसऱ्याजवळ बोलायचं नाय. नाव घेतलं का ती परत येते. माज्या आयनं शिकवलंय. माज्या पाठच्या भनीला व्हतं तसलं. शेजारनीनं तिच्या तोंडावर सांगितलं, तू अशी पडतेस, तोंडातून फेस येतो. त्याच आठवड्यात भन हिरीत गेली. पानी भरायला गेली ती गेलीच."

मग त्या म्हणाल्या, "आनि औशद लागू नाय म्हनलं तर ती बाय तुला काढून टाकंल. मग भावकी परत येऊन बसंल. मला वाटलं, बरं हाय, बरं हाय म्हनत ऱ्हायलं तर बरंच व्हईल."

मला त्यांची दया आली आणि रागही गेला नाही. माझ्या दुखण्याचं हे असंच चाललं होतं. माहेरी आईबापांनी प्रेमाने लपवलं, सासरी सासूने प्रेमाने लपवलं, आणि पडत मी होते. मी त्यांच्या समोर बांधावर बसले आणि जमेल तेवढ्या शांतपणे म्हणाले, "आत्या, ऐका. हा डबा पिठाचा असंल. तुमी सांगताय, पिठानं बरं झालं. उद्या दुसरा डबा मिळंल, खऱ्या औषधाचा. तवाबी सांगाल, बरं हाय. मग डाक्टरीण म्हनंल, दोनी सारखेच, ही गोळी काय कामाची नाय. म्हंजे जी गोळी मला उभी करंल, तीच तुमी माज्या हातातून काढून घेताय. आनि माज्या येकटीच्या नाय. तिथं बाकावर आपल्यासारखी किती मानसं बसलेली असतात, त्यांच्याबी."

त्यांनी पोरीला मांडीवर ओढून घेतलं. मग म्हणाल्या, "तोंडातून नाय येनार गं माज्या."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ह्यांना उठवलं आणि म्हणाले, मला आज दवाखान्यात जायचंय, तारीख नसली तरी. ह्यांना सगळं सांगितलं. हे घाबरले. "अगं, डॉक्टर रागावतील." मी म्हणाले, "रागावू द्यात." गाडीत बसेपर्यंत ह्यांचा विचार बदलत होता, माझा नाही.

डॉक्टरीणबाई खरंच रागावल्या. "तुम्हाला कळतंय का, काय झालंय ते? दोन महिने मी चुकीचं लिहीत बसले! असं एकाने केलं की सगळ्यांची मेहनत पाण्यात जाते. मला हे मोठ्या डॉक्टरांना सांगावं लागेल. कदाचित तुमचं नाव यातून काढतील."

"काढायचं असलं तर माझ्या तोंडावर सांगू देत," मी म्हणाले. "मी बसते बाहेर."

आणि बसले. मोठे डॉक्टर कुठल्याशा वॉर्डात होते. दुपार झाली. ह्यांची पाळी चुकत होती, मी म्हणाले तुम्ही जा. हे गेले नाहीत. उलट खाली जाऊन वडापाव घेऊन आले आणि म्हणाले, "नाव काढलं तर मीच भांडेन." लग्नानंतर पहिल्यांदा हा माणूस कुणाशी तरी भांडायची भाषा करत होता. मला त्या अवस्थेतही हसू आलं.

मोठे डॉक्टर आले ते घाईत होते. उभ्याउभ्याच त्यांनी विचारलं, "बाई, खोटं तर खपून गेलं होतं. मग परत कशाला आलात?"

मी सांगितलं, "मला माझी पोर उचलायचीय."

पोकळ गोळीने होणारं बरं मला नको होतं, असंच पुढे सांगणार होते, पण रडू कोसळलं. मोठे डॉक्टर खुर्ची ओढून बसले. त्यांनी ह्यांना दोन-चार प्रश्न विचारले. मग म्हणाले, "पहिला डबा पुन्हा पहिल्यापासून सुरू करावा लागेल. आधीचं काही धरायचं नाही. तो पोकळ असला तर तेवढे महिने तुम्ही पिठावर काढाल, आणि मी तुम्हाला सांगणार नाही. चालेल?"

"चालेल," मी डोळे पुसत म्हणाले.

आता सासूबाईंच्या तोंडचा प्रश्न राहिला. घरी आले तर त्या पडवीत चिंचा फोडत बसल्या होत्या. एका बाजूला गर, एका बाजूला चिंचोके. मी ते बघत उभी राहिले आणि मला सुचलं. बिस्किटांचा एक रिकामा डबा होता, तो मी त्यांच्यापुढे ठेवला. "आत्या, तोंडातून काय काढू नका. मलाबी सांगू नका. ती आली का एक चिंचोका यात टाका. चिंचोक्याला काय ठावं, तो कशाचा हाय ते?"

सासूबाईंनी डबा उलटसुलट करून बघितला. नाव घ्यायचं नव्हतं, देवीचं चित्र नव्हतं, बोलायचं नव्हतं. त्यांना यात खोट काढता येईना. "चिंचोका टाकायला काय व्हतंय," शेवटी म्हणाल्या. डबा त्यांनी देव्हाऱ्यापासून लांब, कोनाड्यात ठेवला.

पुढच्या खेपेला सासूबाईंनी तो डबा पदराखालून काढून डॉक्टरीणबाईंच्या टेबलावर ठेवला आणि खिडकीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. डॉक्टरीणबाईंनी तो उलटा केला. चिंचोके टेबलभर पसरले, काही खाली सांडले. त्या एकेक गोळा करत होत्या, आणि मी बघत होते. माझं दुखणं आजवर सगळ्यांनी पाहिलं होतं, एक मी सोडून. मला माहीत होतं की येते. इतकी येते हे माहीत नव्हतं. डॉक्टरीणबाईंनी मला पाणी दिलं आणि सासूबाईंना म्हणाल्या, "आजी, हे फार चांगलं केलंत." सासूबाईंनी तोंड फिरवलं नाही, पण मान हलवली.

पहिल्या डब्याचे महिने तसेच गेले. दर खेपेला टेबलावर चिंचोके सांडायचे, दर खेपेला मला वाटायचं हे सगळं सोडून द्यावं. सोडलं नाही. घरी सांगून ठेवलं होतं, गोळी चुकली तर मला उपाशी ठेवा. उपासाच्या दिवशी औषध चालत नाही म्हणणाऱ्या एका शेजारणीला तर मी असं काही बोलले की ती पुढे आमच्या दारावरून मान खाली घालून जायची.

मग दुसरा डबा आला. गोळी दिसायला तीच, चवीला तीच. पण मला भूक लागायला लागली, खूप. केस गळायला लागले, पेला धरताना बोटं किंचित थरथरायची. आणि अंग ठणकून जाग येणं कमी होत गेलं. मी कोनाड्याकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं, पण सासूबाईंचा चेहरा दिसायचा ना! दवाखान्यात डबा उलटा केला तेव्हा मोजके चिंचोके पडले. डॉक्टरीणबाईंनी डबा ठोकून बघितला, तळाला काही चिकटलंय का. "आजी, सगळे टाकलेत ना?" सासूबाई चिडल्या. "आता खरं सांगते तर इस्वास नाय व्हय?"

सगळे महिने संपल्यावर मोठ्या डॉक्टरांनी पाकीट उघडलं. दुसरा डबा खरा होता. ती गोळी मला पुढे चालू राहील, असं त्यांनी सांगितलं, आणि हेही सांगितलं की आकडी कमी झालीय, पूर्ण गेलेली नाही. कदाचित कधीच पूर्ण जाणार नाही. मी मान डोलावली. मनात म्हटलं, एवढी कमी झाली ते बास. आता पोर माझी.

कसची माझी! घरी सगळं पहिल्यासारखंच. मी हात पुढे केले की सासूबाई पोरीला वर उचलून घ्यायच्या. "अजून येते ना," म्हणायच्या. एके दिवशी माझा तोल सुटला. "मग पीठ खात कशाला बसले मी इतके महिने? कशासाठी केलं हे सगळं?"

"बरी झालीस ना अर्धीअधिक?"

"मग पोरबी अर्धीअधिक द्या ना मला!" मी ओरडले. पोर घाबरून रडायला लागली आणि सासूबाईंनी तिला परसात नेलं. त्या दिवशी मी जेवले नाही. अन्नावर राग काढायचा नसतो, पण काढला.

मळणीचे दिवस आले. खळ्यावर माणसं लागली होती, सासूबाईंचे सारखे हेलपाटे चालले होते. एका सकाळी त्या पडवीत टेकल्या होत्या आणि मी त्यांच्या देखत पोरीला पुढ्यात बसवून तिच्या डोक्याला तेल घालत होते. एवढं आठवतं.

डोळे उघडले तेव्हा मी आडवी होते. डोक्याखाली गोधडी, तोंडात खारट चव. पोर सासूबाईंच्या कडेवर होती. सगळं संपलं असं मला वाटलं. आता या म्हणणार, झोपली व्हतीस, आणि पुन्हा कधी पोरीला माझ्या पुढ्यात बसवणार नाहीत. मी डोळे मिटून घेतले. ऐकायचंच नव्हतं मला.

"उठ. पानी पी," त्या म्हणाल्या. मी उठून बसले. पाणी प्याले. त्या माझ्यासमोर उकिडव्या बसल्या आणि माझ्या तोंडाकडे बघत म्हणाल्या, "आकडी आली व्हती तुला."

शब्द तोंडातून गेल्यावर त्यांनी दाराकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, पोरीकडे बघितलं. काही झालं नाही. बाहेर खळ्यावरून कुणीतरी त्यांना हाका मारत होतं.

"आदी उजवा हात वाकडा झाला, मग डोळं फिरलं," त्यांनी पुढे सांगितलं, आता जरा सावकाश. "पोर मी वरच्यावर धरली. तिला काय झालं नाय. तुजी जीभ चावलीय जरा. लहान व्हती, लवकर गेली."

पुन्हा हाक आली. त्या उठल्या. म्हणाल्या, "येक येऊन गेली का त्या दिशी दुसरी येत नाय तुला. इतके महिने बघतेय मी. आज तुला काय नाय व्हायचं." आणि पोरीला माझ्या मांडीवर ठेवलं.

"मला यायला येळ लागंल," पायरी उतरता उतरता म्हणाल्या. "तिला भूक लागली का भात चार."

पोरीचं डोकं तेलाने माखलेलं होतं, ते तिने माझ्या गळ्यात खुपसलं. मी भिंतीला टेकून, पाय पसरून बसले आणि तिला दोन्ही हातांनी धरलं. घरात दुसरं कुणी नव्हतं.